आफ्रिकेतील वन्य प्राणी आणि प्रवाशाची सेवाबुद्धी

आफ्रिका खंडाचे नाव निघताच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे सिंह, हत्ती, गेंडा, जिराफ इत्यादी प्राण्यांची चित्रे उभी राहतात. भूगोलाच्या तासास डोळे जड झालेला मुलगाही सिंहाचा विषय निघाला की ताठ बसतो, हा अनुभव सर्व शिक्षकांस आहे. या प्राण्यांच्या ओढीने परदेशांतील लोक फार दिवसांपासून आफ्रिकेत जात आले आहेत. आरंभी जाणारा प्रवासी हाती बंदूक घेऊन जाई व परत येताना कातडी आणि शिंगे घेऊन येई. त्यानंतरच्या पिढीतील प्रवाशाने बंदूक टाकून कॅमेरा घेतला. अलीकडील काळात एक तिसरा प्रवासी निघाला आहे. तो म्हणतो, "मला केवळ पाहावयाचे नाही, या प्राण्यांसाठी चार दिवस काही काम करावयाचे आहे." अशा प्रवाशास स्वयंसेवक म्हणतात. स्वतःच्या खर्चाने हजारो मैल जाऊन मुक्या प्राण्यांची सेवा करावी, हा विचार उदात्त आहे यात संशय नाही.

परंतु उदात्त विचार आणि उपयोगी कृती या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदतात असे नाही. दया ही अंतःकरणातून उपजते. तिला वाट दाखविण्याचे काम ज्ञानास करावे लागते. ज्ञान नसेल तर दयाळू माणसाच्या हातूनच प्राण्याचा घात होतो, आणि घात होत आहे हे त्यास कळतही नाही. प्रस्तुत लेखात आम्ही आफ्रिकेतील काही खऱ्या उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणार आहोत. आमच्या वाचकांपैकी काहीजण पुढे विद्येच्या वा व्यवसायाच्या निमित्ताने परदेशी जातील, त्यांस हा विचार उपयोगी पडेल. जे जाणार नाहीत त्यांसही तो निरुपयोगी ठरणार नाही.

१. तेलात माखलेले पक्षी

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ केप टाऊन हे शहर आहे. त्याच्या उत्तरेकडील समुद्रात रॉबेन व डासेन अशी दोन बेटे आहेत. नेल्सन मंडेला यांनी आपल्या सत्तावीस वर्षांच्या बंदिवासापैकी अठरा वर्षे रॉबेन बेटावर काढली, त्यामुळे त्याचे नाव जगास ठाऊक झाले. परंतु या दोन्ही बेटांवर त्याहून पुरातन असे रहिवासी आहेत. ते म्हणजे आफ्रिकन पेंग्विन. पेंग्विन म्हटला की आपणांस बर्फ आठवतो. पण हा पक्षी बर्फावर राहत नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेस वाहतो, त्यात तारली व मांदेली या जातींचे लहान मासे विपुल असतात, आणि त्या माशांवर हा पक्षी जगतो. त्याची उंची दोन फुटांच्या आसपास व वजन सुमारे तीन किलो असते. त्यास उडता येत नाही, परंतु पाण्याखाली तो बाणासारखा जातो. त्याचे ओरडणे हुबेहूब गाढवासारखे असल्यामुळे खलाशांनी त्यास गाढव-पेंग्विन असे नाव ठेवले होते.

२३ जून २००० रोजी 'ट्रेझर' नावाचे मालवाहू जहाज या दोन बेटांच्या दरम्यान बुडाले. ते ब्राझीलहून चीनकडे लोहखनिज घेऊन चालले होते. जहाजाच्या टाक्यांत सुमारे १,३०० टन इंधन-तेल होते. ते फुटून समुद्रावर पसरू लागले. दिवस पेंग्विनांच्या विणीचे होते. पिलांसाठी मासे आणावयास निघालेले पक्षी त्या काळ्या तवंगात शिरले, आणि थोड्याच दिवसांत सुमारे १९,००० पक्षी तेलाने माखून गेले.

तेल पक्ष्यास कसे मारते, हे येथे समजून घेतले पाहिजे. पेंग्विनाची पिसे कौलांसारखी एकमेकांवर बसलेली असतात. प्रत्येक पिसाचे बारीक तंतू परस्परांत अडकून एक अभेद्य पडदा तयार होतो. त्यामुळे बाहेरचे पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही व आतील ऊब बाहेर जात नाही. तेल लागले की हे तंतू एकमेकांस चिकटून त्यांची घडी विसकटते. रुपयाएवढ्या जागी जरी पडदा फाटला तरी तेथून थंड पाणी आत शिरते. पक्षी गारठतो, पाण्याबाहेर येऊन उभा राहतो, आणि पाण्यात जाता येत नाही म्हणून उपाशी मरतो. त्यातच तो आपल्या स्वभावानुसार चोचीने पिसे साफ करू लागतो, तेव्हा ते तेल त्याच्या पोटात जाते व आतील इंद्रिये बिघडवते. म्हणजे थंडी, भूक आणि विष असे तीन शत्रू एकाच वेळी त्यास घेरतात.

केप टाऊन येथे समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करणारी 'सॅनकॉब' नावाची संस्था आहे. १९६८ साली अशाच एका तेलगळतीनंतर आल्थिया वेस्टफाल या बाईंनी ती स्थापन केली. तेलाने माखलेले काही पेंग्विन त्यांनी प्रथम आपल्या घरीच ठेवून घेतले होते. परंतु एकोणीस हजार पक्षी कोणत्या घरात मावणार? संस्थेचे केंद्र लवकरच भरून गेले, तेव्हा सॉल्ट रिव्हर या भागातील रेल्वेचे एक भलेमोठे गोदाम घेण्यात आले. त्यात गोल हौदांच्या रांगा मांडून प्रत्येक हौदात शंभराच्या आसपास पक्षी ठेवण्यात आले. परदेशांतील प्राणिसंग्रहालयांतून व मत्स्यालयांतून शंभराहून अधिक जाणकार मंडळी धावून आली. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, सुमारे साडेबारा हजार सामान्य माणसे स्वयंसेवक म्हणून पुढे आली. त्यांत विद्यार्थी होते, गृहिणी होत्या, कचेरीतील कारकून होते, सहलीसाठी शहरात उतरलेले प्रवासीही होते.

या मंडळींस काय काम मिळाले? पेंग्विनास कुशीत घेऊन कुरवाळण्याचे काम कोणासच मिळाले नाही. पेंग्विनाची चोच वस्तऱ्यासारखी धारदार असते, आणि त्याच्या मते आपल्यास पकडणारा मनुष्य हा त्यास खावयास आलेला शत्रूच असतो. जाड हातमोजे घालूनही स्वयंसेवकांचे हात दंडापर्यंत ओरबाडून निघत. शिवाय रानचा पेंग्विन मेलेला मासा आपण होऊन खात नाही. त्यास दोन गुडघ्यांत धरून, चोच उघडून, मासा घशात सारावा लागे. आणि हे प्रत्येक पक्ष्याच्या बाबतीत रोज करावे लागे. कोणी दिवसभर गोठलेले मासे निवडी, कोणी हौद खरवडी, कोणी टॉवेल धुई, कोणी विष्ठेने भरलेल्या गाद्या पाण्याच्या झोताखाली धरी. त्या गोदामात तेलाचा, माशांचा आणि विष्ठेचा असा संमिश्र दर्प भरलेला असे. आफ्रिकेतील साहसाचे हे खरे स्वरूप होय!

पक्षी धुण्याचे कामही घाईने करावयाचे नसे. प्रथम नळीने पाणी व औषध पाजून त्यास सशक्त करावयाचे. अशक्त पक्षी धुतला तर तो धक्क्यानेच मरतो. मग तेल सुटे करणारे द्रव्य पिसांवर लावावयाचे, कोमट साबणाच्या पाण्यात दोघांनी मिळून त्यास अंघोळ घालावयाची, डोळ्यांभोवती दात घासण्याच्या ब्रशाने हलकेच घासावयाचे, आणि शेवटी साबणाचा अंशही उरणार नाही असे खळाळून धुवावयाचे. कारण राहिलेला साबण तेलाइतकाच घातक. त्यानंतर ऊबदार दिव्यांखाली वाळवून त्यास रोज पोहावयास सोडावयाचे. पिसांचा पडदा पुन्हा जुळला, अंगावरून पाणी मोत्यांसारखे ओघळू लागले, म्हणजे पक्षी समुद्रात सोडण्यास योग्य झाला असे समजत.

इकडे दुसरी चिंता होती. बेटांवर अद्याप तेल न लागलेले हजारो पक्षी होते; ते उद्या समुद्रात उतरताच माखणार. तेव्हा जाणकारांनी एक धाडसी युक्ती योजली. सुमारे १९,५०० स्वच्छ पेंग्विन पकडून त्यांस मालमोटारींतून आठशे किलोमीटरांहून अधिक दूर, पोर्ट एलिझाबेथ शहराजवळ नेऊन समुद्रात सोडण्यात आले. पेंग्विनास आपल्या घराची ओढ असते, तो पोहत परत येणारच. पण त्यास जे दोन-तीन आठवडे लागतील तेवढ्या अवधीत समुद्र साफ करता येईल, असा त्यांचा हिशेब होता. पीटर, पामेला व पर्सी अशी नावे दिलेल्या तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाकडे संदेश धाडणारे लहानसे यंत्र बसविले होते. ते तिघे रोज कोठवर पोहोचले याची बातमी सारा देश उत्सुकतेने वाचीत होता. हिशेब खरा ठरला. पक्षी परतले तेव्हा पाणी निवळले होते.

अखेरीस माखलेल्या पक्ष्यांपैकी शेकडा नव्वदांच्या आसपास पक्षी जिवंत समुद्रात परत गेले. या आकड्याचे मोल कळण्यासाठी सहा वर्षे मागे गेले पाहिजे. १९९४ साली 'अपोलो सी' नावाचे जहाज त्याच समुद्रात बुडाले होते व सुमारे दहा हजार पेंग्विन माखले होते. तेव्हाही लोक दयेने धावले होते. परंतु त्या वेळी जवळजवळ निम्मेच पक्षी वाचले. कित्येक तर केंद्रापर्यंत नेतानाच, बंद वाहनांतील कोंदट हवेने दगावले. १९९४ च्या लोकांच्या ठायी दया कमी होती काय? मुळीच नाही. कमी होते ते ज्ञान आणि पूर्वतयारी. पहिल्या संकटात जे चुकले ते लिहून ठेवले गेले, त्याचा अभ्यास झाला, म्हणून दुसऱ्या संकटात हजारो जीव वाचले.

हे संकट परक्या समुद्रावरचे म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात सांडले, आणि आपल्या किनाऱ्यावरील खारफुटीची झाडे काळी पडली, हे येथे ध्यानात ठेवावे.

तथापि या कथेस एक दुःखद जोडही आहे, ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. एवढ्या श्रमाने वाचविलेला पेंग्विन आज पूर्वीपेक्षाही संकटात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या पक्ष्यांची गणना लक्षावधींत होत असे. लोकांनी त्याची अंडी खाण्यासाठी नेली. ज्या विष्ठेच्या जाड थरात तो बिळे करून राही, तो थर खत म्हणून खरवडून नेला. आणि पुढे त्याच्या अन्नाचे मासे मोठमोठ्या जाळ्यांनी ओढून नेले. आज त्याच्या विणीच्या जोड्या दहा हजारांहूनही कमी उरल्या आहेत, आणि २०२४ साली तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून जागतिक यादीत नोंदला गेला. धुऊन स्वच्छ केलेला पक्षी समुद्रात सोडला, पण समुद्रात मासाच नसेल तर त्याने काय खावे? हा प्रश्न घेऊन 'सॅनकॉब' व पक्ष्यांची दुसरी एक संस्था न्यायालयात गेल्या, आणि २०२५ साली न्यायालयाच्या आदेशाने सहा प्रमुख वसाहतींभोवती जाळ्याच्या मोठ्या मासेमारीस बंदी झाली. सेवेचे काम हौदापाशी सुरू झाले तरी ते तेथे संपत नाही; कधी ते न्यायालयापर्यंतही जाते, हा या कथेचा दुसरा बोध होय.

२. हत्तीच्या पोरक्या पिलांचे रक्षक

आता केनिया देशाकडे वळू. तेथील त्सावो या राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व भागाचे पहिले अधिकारी डेव्हिड शेल्ड्रिक यांच्या पत्नी डॅफ्नी शेल्ड्रिक (१९३४–२०१८) यांनी हत्तीची पोरकी पिले वाढविण्यात आपले आयुष्य वेचले. हस्तिदंतासाठी चोरट्या शिकाऱ्यांनी आई मारली म्हणजे तान्हे पिलू मागे राहते. ते पहिली दोन वर्षे दुधावाचून जगू शकत नाही, आणि गाईच्या दुधातील स्निग्धांश त्यास पचत नाही. पुष्कळ वर्षे प्रयोग करून आणि पुष्कळ पिले डोळ्यांदेखत गमावून बाईंस असे आढळले की, खोबरेल तेल घालून केलेले दूध त्यास मानवते.

परंतु दुधाचा प्रश्न सुटला तरी सर्व प्रश्न सुटले नाहीत. १९७४ च्या सुमारास आयशा नावाचे एक तान्हे पिलू बाईंनी सहा महिने रात्रंदिवस सांभाळले. पुढे मुलीच्या विवाहानिमित्त त्यांस काही दिवस बाहेर जावे लागले. पिलाने त्यांच्या विरहाने अन्न टाकले व ते मरण पावले. बाईंनी यातून जो धडा घेतला तो फार मोलाचा आहे. हत्तीच्या पिलास माया हवीच; परंतु ती एकाच माणसाची असू नये. म्हणून १९७७ साली पतीच्या निधनानंतर त्यांनी नैरोबी येथे जी संस्था स्थापन केली, तीत प्रत्येक पिलास अनेक रक्षक असतात. ते एकसारखा पोशाख घालतात, दर तीन तासांनी बाटलीने दूध पाजतात, रात्री पिलाच्या खोलीतच निजतात, आणि पाळीपाळीने एका पिलाकडून दुसऱ्याकडे जातात. एखादा रक्षक रजेवर गेला तरी पिलाचे कुटुंब मोडत नाही.

हे रक्षक कोण? ते केनियाचेच रहिवासी आहेत आणि वर्षानुवर्षे हेच काम करीत आले आहेत. दूरदेशीचा प्रवासी तेथे गेला तर त्यास ठरलेल्या एका तासापुरते दोराबाहेर उभे राहून पाहता येते. "मी दोन आठवडे राहून दूध पाजतो," असे म्हणणाऱ्यास तेथे जागा नाही. प्रथमदर्शनी हे कठोर वाटेल. पण ज्याने आयशाची हकीकत ऐकली त्यास ते कठोर वाटणार नाही. दोन आठवडे माया लावून निघून जाणे यात प्रवाशास आनंद मिळेल. पिलाच्या वाट्यास मात्र दुसऱ्यांदा पोरकेपण येईल. या संस्थेत वाढलेली पिले आठ-दहा वर्षांनी त्सावोच्या रानात स्वतंत्र होतात. कित्येक हत्तिणी पुढे आपली रानात जन्मलेली पिले घेऊन जुन्या रक्षकांस भेटावयासही येऊन गेल्या आहेत.

मग परक्या प्रवाशास करण्याजोगे काहीच नाही काय? आहे, त्याचे उदाहरण पुढे देतो.

३. नामिबियातील दगडी भिंती

आफ्रिकेच्या नैर्ऋत्येस नामिबिया हा देश आहे. त्याच्या वायव्य भागातील ओसाड प्रदेशात हत्तींचे कळप कोरड्या नदीपात्रांतून पाण्याच्या शोधात दूरदूर भटकतात. युद्धाच्या व दुष्काळाच्या काळात तेथील हत्ती बहुतेक नाहीसे झाले होते. पुढे ते परत आले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांच्या नव्या पिढीस हत्तीसह राहण्याची सवय उरली नव्हती. एका मोठ्या हत्तीस दिवसास दीडशे लिटरांच्या आसपास पाणी लागते. गावच्या टाकीत पाणी आहे हे त्यास वासाने कळते, आणि ते मिळविताना तो पंप, नळ व पवनचक्की मोडून ठेवतो. गरीब धनगराची गुरे तहानेने व्याकूळ होतात, आणि मग तो हत्तीस मारावयास उठतो. यात दोष कोणाचा? हत्ती तहानलेला, गुरेही तहानलेली.

यावर उपाय साधा आहे. टाकी व पंप यांभोवती दगडांची जाड, उंच भिंत बांधावयाची, आणि हत्तींसाठी बाहेर निराळे पाणी ठेवावयाचे. या कामासाठी तेथील एक संस्था परदेशांतून स्वयंसेवक घेते. ते पहिला आठवडा दगड वाहतात, सिमेंट कालवतात व भिंत रचतात. रात्री उघड्यावर, ताऱ्यांखाली निजतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांस माग काढणाऱ्या माणसांबरोबर हत्तींच्या पाठीवर जावयास मिळते. कानांच्या चिरा, सुळ्यांचा आकार इत्यादी खुणांवरून एकेक हत्ती ओळखून त्याची वहीत नोंद करावयाची, हे त्या आठवड्याचे काम. येथे कोणी हत्तीस हात लावीत नाही. हात लागतात ते दगडांस. पण त्या दगडांनी हत्तीही वाचतो आणि धनगराचे पाणीही वाचते. साहसाची हौस असणाऱ्या तरुणास याहून चांगली सुटी कोणती सुचवावी हे आम्हांस माहीत नाही.

४. सिंहाचे छावे आणि फसलेली दया

येथवर सांगितलेली उदाहरणे मन प्रसन्न करणारी होती. आता जे सांगावयाचे आहे ते तसे नाही. परंतु सांगितलेच पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेत सिंहांची पैदास करणारे खाजगी वाडे अनेक वर्षांपासून आहेत. त्यांत सुमारे आठ हजार सिंह कोंडलेले असल्याचा अंदाज आहे. हे तेथील रानांत मोकळ्या हिंडणाऱ्या सिंहांच्या कितीतरी पट होतात. यांपैकी काही वाड्यांनी परदेशी तरुणांस अशी आमंत्रणे दिली की, "आईने टाकलेल्या छाव्यांस बाटलीने दूध पाजण्यास स्वयंसेवक हवेत, पुढे हे सिंह रानात सोडले जातील." कोवळ्या मनाची मुले-मुली मोठी फी भरून गेली, त्यांनी छाव्यांस दूध पाजले, मांडीवर निजविले, छायाचित्रे काढली, आणि सत्कृत्य केल्याच्या समाधानाने घरी परतली.

वस्तुस्थिती काय होती? छाव्यास आईने टाकलेले नव्हते. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्यास आईपासून तोडलेले होते. रानातील सिंहीण साधारणतः दोन वर्षांतून एकदा विते. छावे काढून घेतले की ती लवकर पुन्हा माजावर येते, आणि वाड्याच्या धन्यास नवे छावे मिळतात. माणसाच्या मांडीवर वाढलेल्या सिंहास शिकार करता येत नाही आणि माणसाचे भयही उरत नाही. असा सिंह रानात सोडणे कोणासही हितकर नसते. छावा वाढून कुरवाळण्याजोगा राहिला नाही, म्हणजे त्याच्यावर दुसऱ्या प्रकारे पैसा मिळविण्याची वेळ येते. कित्येक सिंह कुंपण घातलेल्या आवारात धनिक शिकाऱ्यांपुढे सोडले गेले. माणूस म्हणजे दूध आणणारा, एवढेच ज्यास ठाऊक, तो सिंह बंदूक पाहून पळणार तरी कोठे? कित्येकांची हाडे आग्नेय आशियातील देशांत औषधे म्हणून विकली गेली. म्हणजे ज्या हाताने दूध पाजले, त्याच हाताने भरलेल्या पैशांवर हा व्यापार पोसला गेला!

या प्रकारास वाचा फुटल्यावर तेथील शासनाने नेमलेल्या समितीने २०२१ साली असा निर्णय सुचविला की, कोंडलेल्या सिंहांची पैदास, छाव्यांशी खेळण्याचे धंदे व हाडांचा व्यापार हे सर्व बंद करण्यात यावे. शासनाने तो तत्त्वतः मान्य केला. परंतु आठ हजार सिंहांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न एका कागदाने सुटण्याजोगा नाही.

यात त्या तरुण स्वयंसेवकांस आम्ही दुष्ट म्हणत नाही. त्यांची दया खरी होती. त्यांनी एकच प्रश्न विचारावयाचा राहिला: "गेल्या वर्षीचे छावे आज कोठे आहेत?"

५. घरी बसून केलेली सेवा

ज्यांस आफ्रिकेचे भाडे परवडत नाही, आणि आमच्या शाळेतील बहुतेक सर्व विद्यार्थी त्यांतच मोडतात, त्यांच्यासाठी आणखी एक उदाहरण देऊन हा भाग पुरा करितो. टांझानियातील सेरेंगेटी या विख्यात माळरानावर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० सालापासून २२५ कॅमेरे झाडांस व खांबांस बांधून ठेवले. समोरून प्राणी गेला की कॅमेरा आपोआप चित्र घेई. तीन वर्षांत चित्रांचे सुमारे बारा लक्ष संच जमले. ते तपासावयाचे कोणी? ती चित्रे इंटरनेटवर ठेवून जगातील कोणासही साहाय्य करण्याचे आवाहन केले गेले, आणि अठ्ठावीस हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवून घरबसल्या ती तपासली. एकच चित्र अनेकांस दाखवावयाचे व बहुमताने प्राण्याचे नाव ठरवावयाचे, अशी पद्धत होती. पुढे तज्ज्ञांच्या उत्तरांशी ताडून पाहता शंभरांपैकी सुमारे सत्त्याण्णव उत्तरे बरोबर आढळली. ज्याने सिंह कधी प्रत्यक्ष पाहिलाही नाही, अशा माणसाच्या डोळ्यांचाही सिंहाच्या अभ्यासास उपयोग झाला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

६. पारख कशी करावी?

वरील उदाहरणांवरून सेवेची पारख करण्याचे चार प्रश्न आम्ही काढले आहेत. विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरून घ्यावेत.

पहिला प्रश्न: या कामाने प्राण्यास माणसाची सवय लागते की सुटते? पेंग्विन शेवटपर्यंत चावत राहिला, हे त्याच्या रानटीपणाचे शुभ चिन्ह होते. मांडीवर निजणारा छावा हे त्याच्या नाशाचे चिन्ह होते.

दुसरा प्रश्न: प्राणी कोठून आला आणि पुढे कोठे जाणार? ज्या संस्थेस या दोन्ही गोष्टी नोंदवहीसह दाखविता येतात, तिच्यावर विश्वास ठेवावा.

तिसरा प्रश्न: तेथील रहिवाशांचे या कामात स्थान कोणते? केनियाचा रक्षक आणि नामिबियाचा धनगर हेच त्या प्राण्यांचे खरे शेजारी. प्रवासी आज आहे, उद्या नाही. ज्या सेवेने शेजाऱ्याचे बळ वाढते ती टिकते.

चौथा प्रश्न: काम करणाऱ्याच्या सुखासाठी योजलेले आहे की प्राण्याच्या गरजेसाठी? हा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो स्वतःस विचारावयाचा असतो. खऱ्या सेवेत बहुधा हौद खरवडणे, दगड वाहणे, मासे निवडणे व वही लिहिणे हीच कामे असतात. तिची छायाचित्रे फारशी सुरेख येत नाहीत.

हे चार प्रश्न केवळ आफ्रिकेपुरते नाहीत. रस्त्यावर पडलेले पाखराचे पिलू घरी उचलून आणणाऱ्या मुलाने, अथवा माकडास शेंगदाणे टाकणाऱ्या यात्रेकरूनेही ते स्वतःस विचारून पाहावेत. पुष्कळदा असे आढळेल की, पिलाची आई जवळच्याच फांदीवर बसलेली आहे, आणि त्या पिलास आपल्या हातांपेक्षा आपण चार पावले दूर होण्याची अधिक गरज आहे. तेव्हा आधी थांबावे, पाहावे, जाणत्यास विचारावे, आणि मग जे काम खरोखर हवे असेल ते, मग ते कितीही हलके का असेना, पदर खोचून करावे. पुढील वर्षी आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी असे एखादे लहान काम करून त्याची हकीकत या वार्षिकासाठी लिहून आणील, तर ती वाचावयास आम्हांस फार आनंद होईल.